दिवस मंजूर, रात्र नाही

फ्लीटवुडच्या वाचनालयात दर गुरुवारी
हीटरजवळच्या टेबलाशी मी बसतो,
लोकांचे अर्ज भरून देतो.
बाहेर खाडीवरचा वारा
दाराला खांदा लावून उभा असतो.

एनिड विग्नॉल आली तेव्हा
कोटाची तीनच बटणं लागली होती,
तीही एकेक काज चुकून.
वय एक्याऐंशी.
"मला काही नकोय," बसता बसता म्हणाली,
"शेजारणीनं पाठवलंय."

आंघोळीला मदत लागते का?
जमतं.
जिना?
जमतं. बसून उतरते, एकेक पायरी.
स्वयंपाक?
डबा उघडता आला की जमतं.

मी पेन खाली ठेवलं.
म्हटलं, एनिड, या कागदाला 'जमतं' कळत नाही.
त्याला सांगायचं,
किती वेळ लागतो, किती दुखतं,
कुणी नसेल तर काय होतं.
सगळ्यात वाईट दिवस सांगायचा.

ती खिडकीकडे बघत राहिली.
"आईनं शिकवलं होतं,
वाईट दिवस उंबऱ्याच्या आत ठेवायचा."

मागच्या खुर्चीवर क्लिफर्ड टॉपिंग,
दोन्ही डोळे गेलेला, जीभ शाबूत.
"टीव्हीच्या परवान्यात मला निम्मी सूट आहे," म्हणाला,
"निम्मी!
चित्राचे पैसे माफ, आवाजाचे भरा.
आणि बसचा पास साडेनऊनंतर.
दवाखान्यानं मला नऊची वेळ दिलीय,
माझी किडनी जरा लवकर उठते."

एनिड हसली.
हसताना हात टेबलावर आले
आणि मला पहिल्यांदा नीट दिसले.
बोटं एकमेकांवर चढलेली,
वाळत घातलेल्या दोरासारखी पिळलेली.

पंधराव्या वर्षापासून ती जाळी विणायची,
गोदीमागच्या शेडमध्ये, उभ्यानं,
लाकडी सुई, ओला दोर,
दिवसाला हजारो गाठी.
त्या जाळ्यांतून आइसलँडकडचा कॉड आला,
अख्ख्या गावाची शुक्रवारची ताटं भरली.
"माझी एक गाठ सुटली नाही कधी," ती म्हणाली.
"लिही, आता एक बटण लागत नाही."

मी लिहिलं.
मग ती थांबलीच नाही.
किटली दोन्ही मनगटांनी उचलते.
केस धुवायला रविवारची वाट बघते, भाची येते म्हणून.
रात्री चार वेळा उठते.
एकदा न्हाणीघराच्या फरशीवर
उजाडेपर्यंत पडून होती,
गारठा मोजत, कुणाला हाक न मारता,
कारण भिंतीपलीकडचं बाळ नुकतं झोपलं होतं.

हे लिहिताना माझं अक्षर वाकडं आलं.
तिनं सही केली, दोन मिनिटं लागली.
तेही मी अर्जात लिहिलं.

निळा बिल्ला आधी आला.
शेजारणीच्या गाडीत काचेमागे ठेवायचा,
फोटो खाली, तारीख वर, नियमच तसा.
"बरंय," एनिड म्हणाली,
"माझा चेहरा बघून कुणी जागा देऊ नये."

सात आठवड्यांनी पत्र.
तिनं ते न उघडताच माझ्यापुढे सरकवलं,
पाकीट फाडता येत नाही म्हणून
की भीती होती म्हणून, मी विचारलं नाही.

भत्ता मंजूर. खालच्या दरानं.
दिवसा मदत लागते, हे त्यांना पटलं.
रात्री लागते, याला पुरेसा आधार नाही.

हीटर टकटकत होता.
क्लिफर्डसुद्धा गप्प.

"म्हणजे दिवस मंजूर झाला,"
ती सावकाश म्हणाली,
"रात्र नाही."

फेरविचार मागता येतो, मी सांगितलं,
महिन्याच्या आत.
वाटलं, आता म्हणेल, जाऊ दे, जमतं.

तिनं खुर्ची पुढे ओढली, कोपरानं.
"फरशीचं नीट लिहिलं नव्हतंस तू,"
ती म्हणाली.
"किती थंड होती, ते राहिलं.
घे पेन."