शहात्तराला एक

गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली
की भिंतीवरून फळी उतरते. दोन बिजागऱ्या, एक कडी,
आठ फूट बाय दोन फूट कॉटन ग्रीन,
साल छप्पन्न, महिना मार्च.
महिना ठरवावा लागतो. गवताचा रंग त्यावर ठरतो.

मिस्किटा मरोळहून येतो रविवारी साडेतीनला,
हातात फुगियांचा डबा, खिशात भिंग.
चप्पल काढायच्या आधीच म्हणतो,
"बाय, ती टाकी चौकोनी होती."
मी गोल केली होती. दाढीच्या साबणाच्या डबीचं झाकण
इतकं बेतशीर बसलं होतं!
पण त्याच्याकडे नकाशा आहे, निळा, घड्यांवर फाटलेला,
आणि नकाशात चौकोन आहे.
टाकी गेली.
त्याआधी चिंचेचं झाड गेलं होतं.

खोटं कशाला बोलू, मलाही त्यात चव आहे.
एका वाघिणीच्या कडीसाठी तीन रविवार घातले,
कानस कडीपेक्षा नखालाच जास्त लागली,
आणि कडीत कडी अडकली तेव्हा
टिक.
एवढाच आवाज. कोणाला सांगणार?
शेजारच्या निमकरांना सांगितलं.
ते म्हणाले, "छान. तुमचा सिलिंडर आला का?"

कापसाच्या गाठी एकशे बारा.
बँडेजच्या कापडात थर्मोकोल, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या.
त्यांवर मिस्किटाने आजवर बोट ठेवलेलं नाही.

"आणि हे?"
भिंग इंजिनावर येऊन थांबतं.
काळं हवं. मला माहीत आहे, त्याला माहीत आहे,
वर्षभर तो या प्रश्नाभोवती शंटिंग करतो आहे.
आज विचारतोच, देवळात बोलावं तशा आवाजात,
"वडील होते का तुझे गोदीत?
त्यांनी सांगितलेलं आहे का हे हिरवं?"
आठवण असती तर त्याने सोडून दिलं असतं.
माफी चेहऱ्यावर तयारच होती, इस्त्री केलेली.

वडील विमा कंपनीत होते, फोर्टात.
इंजिनाकडे त्यांनी कधी मान वळवून पाहिलं नाही.
आणि मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
परक्यांना परक्यांशी बिनचूक जोडत बसले होते.
"मला हिरवं आवडतं," मी म्हणाले.
"कैरीच्या सालीचं. बस."

तो गप्प.
मग मीच पट्टी काढली, रुळांवर आडवी धरली.
"साडेसोळा मिलिमीटर. शहात्तराला एक धरलं
तर आपल्या लाइनीला बावीस हवेत.
हे विलायती रूळ, चोर बाजारातून वजनावर घेतलेले.
साडेपाच मिलिमीटरने सगळंच खोटं आहे, मिस्किटा,
टाकीच्या आधीपासून, चिंचेच्या आधीपासून."

"ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी मोजलं होतं."
"मग बोलला का नाहीस?"
फुगिया संपेपर्यंत थांबतो.
"अख्खी फळी उखडलीस तू. मी ओळखतो ना तुला."

मग कंट्रोलर मागतो. पहिल्यांदाच.
"तू फार पळवतेस. यार्डात झेंडीवाला पुढे चालतो,
त्याच्या पायांनी ने."
बटण इतकं हळू फिरवतो की आधी काहीच होत नाही.
मग हिरवं इंजिन हलतं,
मागे अकरा वाघिणी, कड्या एकेक ताणत जातात,
टिक, टिक, टिक,
चौकोनी टाकीसमोरून,
चिंच नव्हती तिथून.
फळीच्या टोकाला जायला सव्वादोन मिनिटं लागतात.
माझा चहा तेवढ्यात उतू गेला. जाऊ दे.

जाताना तो वही काढतो,
माझ्या चुका लिहितो ती, लाल रेघांची.
टाकी: दुरुस्त.
सिग्नल: पाहणे.
इंजिन: हिरवे. मुद्दाम.
खाली तारीख घालतो,
एका दिवसाने चुकलेली.
मी काही बोलत नाही.