सटवाईसाठी कोरं कार्ड

पाचव्या रात्री पाटावर काय काय मांडायचं
ते निलव्वा हत्तुरे सांगत गेली, अम्मा मांडत गेली.
हळदकुंकू, पिठाचा दिवा, लेखणी.
कोरा कागद तेवढा घरात नव्हता.
नायनांनी माळ्यावरून काढलं
जेकार्डचं एक पुठ्ठ्याचं कार्ड,
लांबुळकं, पिवळट, एकही भोक न पाडलेलं.
म्हणाले, लिहू दे तिला यावर.
मीही एकतीस वर्षं यावरच लिहिलं.

सोलापूरचा एप्रिल. दाजी पेठेत
रात्री अकरालाही पत्रा तापलेला.
पलीकडच्या गल्लीत दोन माग अजून चालू,
खटक् खट, खटक् खट,
बाळ त्याच ठेक्यावर दूध ओढतंय.
पाच दिवसांचं. अजून नावसुद्धा नाही.

नायना, ही कशाला आली असेल?

असलं विचारू नये बाळंतिणीनं, अम्मा म्हणाली,
कुणाचं तरी देणं राहिलं असेल.
अम्माचं सगळं गणित हजार विड्यांचं:
नेलेली पानं, दिलेल्या विड्या, छाट धरलेल्या.
जन्म म्हणजे छाट झालेलं
पुन्हा वळून आणून देणं.

नायना माझ्या लहानपणी वेगळं सांगायचे.
देव उघडे होते, थंडीनं कुडकुडत होते,
म्हणून मार्कंडेयाच्या कुळात आपला मूळपुरुष आला,
कमळाच्या देठातून धागा काढून
त्यानं देवांना नेसवलं. एवढ्यासाठी आपण.
आता देवसुद्धा पानिपतचं पांघरतात,
नायनांचं मशीन भंगारात गेलं,
तरी आपण जन्मतोच आहोत.

त्यांनी कार्ड दिव्यासमोर धरलं.
भोक म्हणजे काय? काहीच नाही.
पण त्या काहीच-नाहीत सुई शिरते,
धागा वर उठतो,
चादरीवर पाकळी सुरू होते.
पुठ्ठा शाबूत, तिथं धागा खालीच.
मी कधी फूल केलं नाही, पोरी.
नसणं केलं. नेमक्या जागी.

मग पहिलं कार्ड कुणी कापलं?
नक्षी आधी, की भोक?
चौकटीच्या कागदावर रंग भरणारा
कुठं बसला होता,
बसायला जागाच नव्हती तेव्हा?

बराच वेळ गप्प.
वीज गेली. माग थांबले. पिठाचा दिवा तेवढा राहिला.

एकदा माझ्याकडून एक भोक राहिलं, म्हणाले.
मोराला डोळा आला नाही.
सातशे चादरी निघाल्या तशाच. मालकानं पगार कापला.
विकल्या मात्र सगळ्या गेल्या.
कुठं कुठं झोपली असतील माणसं
आंधळ्या मोराखाली.
ऊब कमी लागली असेल?

हे उत्तर होतं का, कळलं नाही.
मला मार्कंडेय आठवला. सोळाच वर्षं लिहिलेली,
त्यानं पिंडीला मिठी मारली
आणि लिहिलेलं चुकलं.
आम्ही सगळे त्या चुकीच्या पुढचे.

पहाटे कधीतरी डोळा लागला.
सकाळी कार्ड कोरंच,
कोपऱ्यावर तेलाचा एक ठिपका.
तिचं लिहिलेलं माणसाला दिसत नसतं, अम्मा म्हणाली.
निलव्वानं मान डोलावली, आणि चहाला थांबली.

मी बाळाला उचललं.
कपाळावर घामानं चिकटलेली
पुठ्ठ्याची बारीक गोल टिकली.
नायनांच्या बाहीतून पडली, की माळ्यावरच्या धुळीतून,
कोण जाणे किती वर्षांपूर्वी
कुठल्या फुलाला वाट करून देऊन
बाजूला झालेली.

पुसायला बोट नेलं.
तिनं तेच बोट मुठीत धरलं
आणि जांभई दिली, एवढ्या जिवाला न शोभणारी, लांबलचक.
त्या गोल तोंडातून मी आत पाहिलं.
काहीच नव्हतं.
मी पाहतच राहिले.