वाटणी

भांडी वाटली, गालिचा वाटला,
तळ्याकाठच्या खोपटाची किल्ली
नाणं उडवून ठरली.
राहिली दोन फेरेटं,
मुंगसासारखी लांब, लोकरीसारखी ढिली.

"एक तुला, एक मला," रेइमो म्हणाला.
पेटी उघडली, तर कळेना
नप्पी कुठे संपते
आणि सुक्का कुठून सुरू होतो.
झाकण हळूच लावलं त्यानंच.

आता दर रविवारी
टाम्पेरेच्या दोन ट्राम बदलून येतो,
बूट दाराशी काढतो,
त्यांची नखं कापतो, माती बदलतो,
तो आंबूस-गोड वास
स्वेटरभर घेऊन उठतो,
आणि निघताना मोजा एकच.

बाहेर उणे अठरा.
सुक्कानं दुसरा कुठे दडवलाय,
मला माहीत आहे.
शोधू देते.