हातचा एक

शेवटच्या थांब्यावर अकरा मिनिटं मिळतात.
ट्राम रिकामी, बाहेर पोझनानचं नोव्हेंबरी धुकं.
ड्यूटीच्या तक्त्यामागच्या पाठकोऱ्या बाजूवर
मी स्वतःला मांडते.

वजन ब्याण्णव, गुणिले दहा.
उंची एकशे चौसष्ट, गुणिले सव्वासहा.
बेरजेतून वय वजा, तेही पाचपट :
चोपन्न पंचे दोनशे सत्तर.
आणि बाई असल्याचे
आणखी एकशे एकसष्ट वजा.
हे कशापायी, मी झानेताला विचारलं होतं.
डेपोच्या दवाखान्यातली आहारतज्ज्ञ ती, माझ्या लेकीहून लहान.
म्हणाली, सूत्रच तसं आहे.
पगाराचंही असंच एखादं सूत्र असणार.

उरले पंधराशे चौदा.
म्हणजे मी नुसती पडून राहिले,
ना घंटी, ना ब्रेक, ना कुणाला शिव्या,
तरी दिवसाला एवढं जळतं आतल्या आत.
मला पहिल्यांदाच या देहाचं कौतुक वाटलं.
पडल्या पडल्या इतकं काम करणारं
आमच्या डेपोत दुसरं कोणी नाही.

आता गुणिले एक पूर्णांक दोन.
हा बैठ्या माणसांचा आकडा.
मी रोज चाळीस टन लोखंड शहरभर फिरवते,
पण बसून.
बे चोक आठ. बे एके बे. बे पंचे दहा,
दहाचं शून्य, हातचा एक

आणि हातचा म्हटलं की आई.

एक्याऐंशी साल. मेणकापडावर रेशनची कुपनं,
कात्री, आणि जिभेवर ओली करायची ती जांभळी पेन्सिल.
साखर भागिले चार. मांस भागिले चार.
भाग जाईना की ती खालच्या चाराचा
तीन करून टाकायची, अगदी सहज,
जसं काही गणितच तसं होतं.
रात्रभर तिच्या ओठावर जांभळा ठिपका राहायचा.
ताटात टाकू नका, एवढंच म्हणायची.
लेओकादिया माझी आई,
मी नाही टाकलं. चाळीस वर्षं
स्वतःच्या ताटातलं नाही, पोरांच्या ताटातलं नाही,
लग्नांतलं नाही, मयतीतलं नाही.
ते सगळं हे बघ, इथं आहे, पट्ट्याच्या वर.

अठराशे सतरा.
यातून किती कापायचे, तेवढंच राहिलं.
राडोस्वाफ म्हणतो हजारावर राहा, काकडी आणि काळी कॉफी.
त्याला एप्रिलमध्ये वळणावर अंधारी आली,
सिग्नल लाल की हिरवा कळेना.
झानेता म्हणते, तीनशे. त्याहून जास्त पोटाला चिमटा नको.
महिन्याकाठी किलोभर उतरेल,
एखाद्या महिन्यात तेवढंही नाही,
तेव्हा काट्यावर रागवायचं नाही.

अठराशे सतरा वजा तीनशे, पंधराशे सतरा.
पडून राहण्याच्या आकड्याहून तीन जास्त.
तीन म्हणजे किती हो, मी विचारलं.
तीन रासबेरी, ती म्हणाली, आणि हसली.

आज संत मार्टिनचा सण.
डब्यात लेकीनं दिलेला चंद्रकोरी पाव,
पांढऱ्या खसखशीनं फुगलेला, वर साखरेचा लेप.
एकट्याचे हजारभर तरी.
सकाळपासून सूप, राईचा पाव, सफरचंद धरून
माझे झालेत नऊशे ऐंशी.
मी पुन्हा पेन्सिल उचलते. बॉलपेन आहे खरं तर,
तरी टोक जिभेकडे जातंच.

अर्धा.
अर्धा बसतो, सदतीस उरतात.
सुरीनं नाही, हातानंच मोडते,
जरा मोठा तुकडा माझ्याकडे येतो, येऊ दे.
उरलेला कागदात गुंडाळून डब्यात.
टाकला नाही गं. हातचा आहे.

अकरा मिनिटं झाली.
पुढच्या दारातून एक म्हातारी चढते,
टोपीवर धुक्याचे थेंब, काखेत बेकरीचा खोका.
किती घेतलेत, मी विचारते.
चार, ती म्हणते. एकटीच असते मी,
पण तीन कसे मागणार?
मी घंटी वाजवते.