सतरा नंबरचं झाड

रातांब्याचं पान चुरगळलं की आंबट वास येतो
आणि नळीत घातलं की तपकिरी, चिकट रस.
तीन महिने मी त्या चिकटपणाशी भांडत होते.
ज्या आंबटपणावर आमसुलं वर्षभर टिकतात
तोच डीएनएला सोडायला तयार नव्हता.
मग मीठ वाढवलं. पानं पहाटेची घेतली,
तांबूस, अजून नीट न उलगडलेली,
आणि एका मंगळवारी थंडगार अल्कोहोलात
पांढरे धागे तरंगले,
शहाळ्यातल्या कोवळ्या साईसारखे.
मी कुणाला हाक मारली नाही.
बघत बसले.

बुरोंडीच्या वर, चिऱ्याच्या खाणीपलीकडे
जैनबबी पारकरांची चाळीस झाडं,
सगळी बियांची.
सात-आठ वर्षं शेण, पाणी, गुरांपासून राखण,
मग एका हिवाळ्यात फुलं येतात
तेव्हा कळतं, निम्मे नर.
"आठ वर्सं पोसायचं, न् मग कोयता," त्या म्हणाल्या,
आणि सुपारी कातरत राहिल्या.

मला हे रोपालाच विचारायचं होतं, दोन पानांवर असताना:
तू कोण होणार?
पण आधी मोठ्या झाडांवर पडताळायचं
की उत्तर खरं येतं का.

बुंध्यांवर रंगाने आकडे, पिशव्यांवर तेच आकडे.
दापोलीत परत येऊन जेल ओतायचं, कंगवा रोवायचा,
निळा थेंब खाचेत सोडताना श्वास धरायचा;
वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून.
अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली
नारिंगी पट्ट्या उजळतात,
रात्री हर्णैच्या समुद्रात होड्यांचे दिवे दिसावेत तशा.
लहान तुकडा पुढे पळतो, मोठा अडखळत मागे.
नराला एक पट्टी जास्त.
मादीच्या रांगेत त्या जागी काळोख, नखाएवढा.

सतरा नंबरला ती पट्टी होती. ठळक.
मी वहीत लिहिलं: नर.

मे महिन्यात यादी घेऊन गेले
तेव्हा जैनबबी अंगणात रातांबे फोडत होत्या.
हात कोपरापर्यंत लाल,
सालं सुपात, बिया भिरंडेलासाठी वेगळ्या.
त्यांची सायमा एकेक आकडा वाचत गेली
आणि त्या मान हलवत गेल्या: बरोबर. बरोबर.
सतरावर मान थांबली.
उठल्या, आतून एक वाटी आणली.
सात रातांबे, सुपारीहून जरासे मोठे.
"हे त्याचेच. गेल्या साली चार होते."

मी एक फोडला. आत दोन बिया, भरलेल्या.

पानं पुन्हा घेतली. तीनदा. पट्टी होती तिथेच.
अशा झाडांसाठी शास्त्रात एक लांबलचक शब्द आहे,
आणि शब्द असला की वाटतं, चला, सुटलं.
जानेवारीत शिडी लावून फुलं मोजली.
तीनशे एकोणीस.
घोसच्या घोस पुंकेसरांचे,
आणि त्यांत अकरा फुलं अशी
की पुंकेसरांच्या गर्दीत मधोमध
हिरवट कुक्षी, गुपचूप, ओली.
शिडीवर माझे पाय थरथरत होते, उंचीमुळे असेल.
खालून जैनबबी विचारत होत्या, काय दिसतंय?
अकरा, मी ओरडले.
"अकराच?" त्या म्हणाल्या. "बरं."

चाळीसपैकी एकोणचाळीस जुळली.
माझ्या साहेबांना ते पुरेसं आहे.
खरंतर मलाही.

परवा त्यांचा फोन आला.
खाणीच्या ट्रकला रस्ता हवाय, पैसे बरे देतात,
चार झाडं काढावी लागतील.
"तुझ्या यादीत बघून सांग. नरच देऊ ना?"

यादी समोर उघडी आहे.
नऊ, मी म्हणते. बावीस. एकतीस.
पलीकडे सायमा लिहून घेतेय, पेन खरखरतं.
"चौथं?"
कुठेतरी कोंबडी कोकलते.
"अगं, चौथं?"