एक पूर्णांक दोन मिलिमीटर

कायद्यानं अक्षराची उंची किमान
एक पूर्णांक दोन मिलिमीटर.
त्याहून केसभर मोठं अक्षर
आमच्या छापखान्यातून कधी बाहेर पडलं नाही.
एकतीस वर्षं मी इथं, तोरुनमध्ये,
पाकिटांच्या पाठी वाचते आहे.
पुढची बाजू, म्हणजे पिवळं कणीस, हसरी गाय,
दुसऱ्या टेबलावर जाते.
माझ्याकडे पाठ. स्वल्पविराम, जोडरेघा,
कंसातला टक्का.

लुत्स्यान दवाखान्यातून आला तो
टोपी न काढताच खुर्चीत बसला.
कागद माझ्याकडे सरकवला. आकड्याखाली
डॉक्टरीणबाईंनी दोनदा रेघ ओढलेली.
"ईस्टरपासून चहात एक चमचा नाही.
साखरेचं भांडं तूच फळीवर चढवलंस.
मग ही आली कुठून?"
चोरी न करता पकडलेल्या माणसाचा आवाज.

रात्री स्वेटरच्या खिशातून भिंग काढलं.
(कामावरचं भिंग घरी आणायचं नसतं.)
त्याच्या न्याहारीचा खोका, नाव 'तंदुरुस्त',
पुढं धावणारा एक काटकुळा माणूस.
खोक्याची पाठ फिरवली
आणि माझाच स्वल्पविराम मला भेटला.
ग्लुकोज सिरप आणि डेक्स्ट्रोज यांच्या मधोमध.
मार्चमध्ये मी तो भांडून घालून घेतला होता.

नावं लावायची वजनाच्या उतरत्या क्रमानं.
पहिले ओट्स, सभ्य, घरंदाज.
मग ग्लुकोज सिरप,
डेक्स्ट्रोज, मनुका, बार्ली माल्टचा अर्क,
द्राक्षाचा आटवलेला रस,
आणि पार तळाशी, मिठाच्या शेजारी, काकवी.
एकाच घरच्या पाच बहिणी
पाच आडनावं लावून आल्या,
एकमेकींना ओळख न दाखवता
रांगेत मागं मागं उभ्या राहिल्या.
हात धरून आल्या असत्या
तर ओट्सना बाजूला सारून पहिल्या ठरल्या असत्या.
ही बेरीज मी एकतीस वर्षांत केली नव्हती.
मला पैसे शुद्धलेखनाचे मिळतात.

माझ्या लहानपणी साखरेला नाव एकच होतं.
शरद लागला की हेउमझाच्या कारखान्याकडून
उकडत्या बीटाचा वास यायचा,
मातकट, केसांत राहणारा.
बाबांच्या ट्रॉलीतून बीट रस्त्यावर गडगडायचे
आणि तरी दुकानात साखर कुपनावर.
आई कुपन कापायची कात्रीनं, रेघेला धरून,
जणू कडेचा कागदही गोड असावा.
मिळाली तर साखर मिळाली.
नाही मिळाली तर दुकानदारीण म्हणायची, नाही.
दोन्ही शब्द मोठ्यानं.

सकाळी नवं प्रूफ आलं, दह्याचं झाकण.
'फ्रुक्टोज'मधलं एक अक्षर निसटलं होतं.
मी ते लाल पेनानं जागेवर बसवलं.
खाली लिहिलं: बाकी चूक नाही.
सही केली.
सहीची शाई वाळेपर्यंत तिच्याकडे बघत बसले.
कुणी काही विचारलं नाही.

शनिवारी लुत्स्यानला दुकानात घेऊन गेले.
हा माणूस जंगलात अळंबी बघून सांगतो
कुठली रश्श्यासाठी, कुठली तेराव्यासाठी नव्हे,
थेट मातीसाठी.
वरची टोपी तो बघतच नाही.
उपटतो, उलटी करतो,
खालच्या पापुद्र्यांवरून बोट फिरवतो.
"जास्त गोजिरी दिसेल तिची पाठ आधी बघायची,"
असं नातवाला, इग्नात्सीला, शिकवतो.

मी त्याच्या हातात भिंग दिलं.
त्यानं काळ्या पावाची पिशवी उचलली,
सवयीनं आधी हुंगली,
मग उलटी करून, एक डोळा मिटून,
ओठ हलवत, अक्षर अक्षर.
मागं दोन ढकलगाड्या खोळंबल्या.
एक बाई घसा खाकरली.

"ही बघ!" लुत्स्यान ओरडला,
पहाटेच्या दवात गुडघे टेकून ओरडतो तसा.
"पार बुंध्याशी बसली होती."