शेपूट आधी

यॉर्क स्टेशनाबाहेर, कोटाच्या भिंतीला लागून
उभी होती रिक्षा.
आपलीच. तीन चाकं, काळं टप,
पुढे लिंबू-मिरचीसुद्धा. कुणीतरी सांगितलं असणार.
लिंबू प्लॅस्टिकचं.

एक तास, दोन माणसं, पस्तीस पौंड.
मी एकटी, तरी पस्तीस.
अण्णा म्हणाले असते, एवढ्यात
वेरूळ, दौलताबाद, वर जेवण, आणि परत.

क्लाइव्हनं माझ्या गुडघ्यांवर लोकरी घोंगडी टाकली,
पट्टा लावा म्हणाला.
रिक्षात पट्टा!
मीटरच्या जागी कार्ड टेकवायचं यंत्र.
त्यानं बटण दाबलं, आवाजच नाही.
बॅटरी, तो म्हणाला, छाती काढून.
मी खालून येणाऱ्या थरथरीची वाट बघत राहिले
पहिल्या सिग्नलपर्यंत.
दुसऱ्यापर्यंत.

आमच्याकडे रस्त्याला गेट म्हणतात,
गेटला बार म्हणतात,
आणि बारला पब!
दिवसातून बारा वेळा म्हणत असेल,
तरी स्वतःच आधी हसला.
ते हसू मला ओळखीचं होतं.

आमच्या गावाला बावन्न दारं, मी म्हणाले.
त्यानं आरशात पाहिलं. मोजलीत?
नाही.
भडकल, मकाई, पैठण, रोशन,
जेवढी वाटेत लागली तेवढीच.
शहराचं नाव आता बदललंय.
दारं आपापल्या नावानं उभी आहेत,
जी उभी आहेत ती.

शेषराव, स्टेशन स्टँड, नंबर चौदा.
त्यांच्या डाव्या बाजूला, अर्ध्या सीटवर मी,
दप्तर पोटाशी, पाय ब्रेकपासून लांब.
मागे गोरी माणसं, टोप्या, नकाशे.
मागच्या सीटवर मी कधीच बसले नाही.
ती गिऱ्हाइकाची.

अण्णांचं इंग्रजी चाळीस शब्दांचं,
त्यातला ओल्ड सगळ्यात झिजलेला.
गेट ओल्ड सर, मी पण ओल्ड, रिक्षा न्यू.
आणि शब्द संपले की हँडल सोडून
दोन्ही हातांनी हवेत हत्ती काढायचे:
राजा वेशीबाहेर निरोप द्यायला उभा असायचा,
त्याला पाठ दाखवायची नाही,
म्हणून हत्ती या दारातून उलटा आत जायचा.

गोरे लिहून घ्यायचे.
मीही लिहिलं. सातवी ब, इतिहास, सहामाही.
पवळे सरांनी लाल शाईनं शून्य दिलं
आणि शून्याला सोंड काढली.
अण्णा पेपर धरून बराच वेळ बसले.
मग म्हणाले,
सोंड जरा लांब पाहिजे होती.

मिकलगेट बारपाशी क्लाइव्ह थांबला.
राजा आला तरी इथे थांबतो म्हणे,
आत येऊ का विचारतो.
आणि वर, तिथे, मुंडकी टांगायचे.
त्यानं मुंडक्यांवर बराच वेळ घालवला.
मग माझ्याकडून काहीतरी यावं म्हणून वळून बसला,

आणि मी हत्ती सांगितला.
हात सुटले. पट्टा खांद्यात रुतला.
वडिलांची थाप आहे, हे सांगायचं राहिलं.
म्हणजे राहिलं असं नाही.

रविवारी लेकीकडे जाताना
दूध आणि कोथिंबिरीची महागडी कुंडी घेऊन
त्याच कमानीखालून निघाले होते.
रिक्षा उभी. मागे दोन मुलं, त्यांची आई,
आणि क्लाइव्हचे दोन्ही हात हवेत.
उलटा, तो म्हणत होता, अगदी इथून!
इथून.
यॉर्कमधून.

मुलांनी वर कमानीकडे पाहिलं, रुंदी जोखली.
धाकटीनं विचारलं,
मग शेपूट आधी आत जायचं?
क्लाइव्ह अडकला.
इकडेतिकडे बघता बघता
त्याला फुटपाथवर मी दिसले.

मी कुंडी या हातातून त्या हातात घेतली
आणि मान हलवली.
हो.
शेपूट आधी.